गालिचेकाकांची जनावरं

गालिचेकाका मांजराला घाबरायचे. पालीला घाबरणारी माणसं घरोघर असतात, त्यात काही नवल नाही. पण सहा फूट उंचीचा, भरघोस मिशांचा, विमा कंपनीत भल्याभल्यांचे खोटे क्लेम एका नजरेत ओळखणारा हा माणूस अंगणात मांजर दिसलं की गाडीतून उतरायचा नाही. काचा वर करून हॉर्न वाजवत बसायचा. मग काकू बाहेर येऊन ‘हुश्श’ करायच्या, मांजर आळोखेपिळोखे देत आपल्या सवडीनं उठायचं, आणि काका ऑफिसची बॅग छातीशी धरून घरात पळायचे. आणि त्या घरात काय असायचं? सिंह, मोर, उंट, मेंढे, हरणं, विंचू, दोन तोंडांचे पक्षी. जमिनीवर, भिंतीवर, सोफ्याच्या पाठीवर. सगळे लोकरीचे, हातानं विणलेले, इराणी नाहीतर तुर्कमेनी.

लग्न होऊन मी पुण्याहून बहरैनला आले तेव्हा आम्ही सनदमधल्या एका जुन्या दुमजली घरात वरचा मजला घेतला. खाली पेडणेकर काका-काकू; गालिचेकाका ते हेच. नवरा सखीरच्या विद्यापीठात कॉम्प्युटर विभागात होता. तो सकाळी गेला की मी आणि चार भिंती. काकूंनी पहिल्याच आठवड्यात चहाला बोलावलं. मी दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि आतून आरोळी आली, “थांबा!”

मी एका पायावर थांबले.

“मोराच्या तोंडावर पाय देताय,” काका म्हणाले. “शेपटीवर द्या. शेपटी चालते.”

मी शेपटीवर पाय दिला. तिथून पुढे हरणाच्या पाठीवर, तिथून एका झुडपावर, अशी लंगडी घालत सोफ्यापर्यंत पोचले. काकू ट्रे घेऊन आल्या त्यासुद्धा तशाच, न बघता, सवयीनं. त्या घरात राहून राहून त्यांची चालच तशी झाली होती. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्या जणी सरळ चालायच्या आणि काकू मोकळ्या फरशीवरही मध्येच एक पाय लांब टाकायच्या.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “माणसाचं तोंड बघावं, गालिच्याची पाठ बघावी. गालिचा तोंडानं खोटं बोलतो. पालथा घातला की पुरावा.” पाठीवर गाठी मोकळ्या दिसतात; हातानं मारलेल्या गाठी थोड्या वाकड्या, मशीनच्या एका शिस्तीत. हे ठाऊक असायला काहीच हरकत नव्हती. पण काका जिथं जातील तिथं गालिच्याचा कोपरा उचलत. एकदा त्यांच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी घरी जेवायला बोलावलं होतं. दिवाणखान्यात नवा, भला थोरला शिकारीचा गालिचा. घोडेस्वार, चित्ते, पळणारी काळविटं. साहेब कौतुकानं सांगत होते, अमुक शहराचा, तमुक घराण्याचा. काका वाकले, कोपरा उलटा केला आणि क्लेम फेटाळताना वापरायचे त्याच आवाजात म्हणाले, “मशीन.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” काकू म्हणाल्या, “बिर्याणी बरी होती. बढती नाही झाली.”

हा नाद त्यांना लावला मनामाच्या बाजारातल्या हाजींनी. हाजी मूळचे इराणकडचे, पण त्यांचे आजोबाच बहरैनला आलेले. तरुणपणी मुंबईत माल घेऊन यायचे, म्हणून हिंदी फर्डं. काका एकदा दुकानात ऑफिससाठी पायपुसणं घ्यायला गेले होते. बाहेर फुटपाथवर मांजर बसलं म्हणून त्यांना निघता येईना. तोपर्यंत हाजींनी तीन वेळा चहा पाजला आणि एक सिंह विकला.

तो सिंह मी पाहिला आहे. डोंगरातल्या भटक्या टोळीतल्या बाईनं विणलेला. चेहरा गोल, भुवया जुळलेल्या, तोंडावर ‘जेवण अजून झालं नाही?’ असा भाव. काका सांगायचे, “सिंह म्हणजे शौर्य. तंबूत सिंह असला की घरधनी शूर, असं ते मानतात. पण ज्या बाईनं हा विणला तिनं सिंह कधी पाहिला नव्हता. दीर पाहिला होता.”

प्रत्येक जनावराचा अर्थ त्यांना तोंडपाठ होता. मेंढ्याची शिंगं म्हणजे ताकद आणि भरभराट. तुर्कमेनी गालिच्याच्या काठावर ती गुंडाळी होऊन फिरत असतात. मोर म्हणजे ऐश्वर्य. विंचू मात्र शोभेसाठी नाही, बंदोबस्तासाठी. विंचू विणून ठेवला की खरा विंचू तंबूत येत नाही, अशी तिकडची श्रद्धा. ही एक गोष्ट काकांना मनापासून पटली होती. आमच्या जिन्याखाली त्यांनी कुत्र्याची आकृती असलेली छोटी सतरंजी टांगली होती, आणि त्या दिवसापासून आवारात कुत्रं आलं नाही, असं ते शपथेवर सांगत. आवाराला लोखंडी फाटक होतं ही गोष्ट ते सांगत नसत.

साहजिकच त्यांना मांजराचा गालिचा हवा होता. दर गुरुवारी संध्याकाळी ते हाजींकडे चौकशी करत. एकदा मीही बरोबर होते.

“हाजी, बिल्लीवाला आया क्या?”

“पेडणेकर साब,” हाजी शांतपणे म्हणाले, “शेर बुनते हैं, ऊँट बुनते हैं, मुर्ग़ी बुनते हैं। बिल्ली को कौन बुनता है? वो तो ख़ुद आके बैठ जाती है।”

आणि खरोखरच, हाजींच्या दुकानातल्या सगळ्यात उंच थप्पीवर एक पिवळट बोका झोपलेला होता. काकांना तो दिसला आणि आम्ही लगेच निघालो.

पाहुण्यांना उंट दाखवायला नेणं हे बहरैनमधल्या प्रत्येक भारतीय घराचं कर्तव्य असतं. माझे सासू-सासरे आले तेव्हा काका स्वतः गाडी घेऊन निघाले, तबेल्यापर्यंत सगळ्यांना नीट पोचवलं, आणि आपण गाडीतच बसले. आम्ही उंटांपाशी पोचलो तोच सासऱ्यांचा फोन वाजला. “डावीकडचा बघा,” गाडीतून काका सांगत होते, “त्याच्या पाठीवरचं कापड बघा. तुर्कमेनी लोकांत नवरीच्या उंटाला असं विणलेलं कापड दोन्ही कुशींना बांधतात. पाच कोनांचं. नवरी स्वतः विणते.” सासरे फोन कानाला लावून उंटाभोवती फिरत होते आणि लांब काचेआडून काका हातवारे करत होते. 

तसं एक कापड काकांकडे होतं. मुलगी मैत्रेयी शाळेत होती तेव्हाच त्यांनी ते हाजींकडून घेतलं होतं आणि डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं होतं. गडद मंजिष्ठी लाल, त्यावर रांगेनं पक्षी, आणि प्रत्येक पक्ष्याच्या पोटात एक चिमुकला पक्षी. “मैत्रेयीला विणता येत नाही,” ते म्हणायचे, “बटणसुद्धा तिची आई लावते. म्हणून मी घेऊन ठेवलंय. लग्नात देणार.” मला दिवस गेले तेव्हा त्यांनी ते मुद्दाम उलगडून दाखवलं होतं. पोटातल्या पक्ष्यावर बोट ठेवून म्हणाले, “ही बघ. तुझ्यासारखीच. हिलाही चालताना धाप लागत असणार.”

मैत्रेयी बहरैनच्या शाळेत शिकून पुढे पुण्याला गेली आणि तिथं तिनं लग्न ठरवलं. मुलगा सुमेध. चांगला, हसरा, निर्व्यसनी. आणि जनावरांचा डॉक्टर.

घरात आठवडाभर सुतक असल्यासारखं होतं.

“बाबा, ही इज अ डॉक्टर,” मैत्रेयी व्हिडिओवर सांगायची.

“म्हशींचा,” काका म्हणायचे.

“सो व्हॉट?”

“सो व्हॉट काय? ही माणसं हात कुठे कुठे घालतात, तुला माहीत आहे का? त्याच हातानं तो माझ्याशी हस्तांदोलन करणार!”

काकू सरळ म्हणाल्या, “तुमच्याशी कुणी हात मिळवला नाही तरी चालेल. तिच्याशी मिळवलाय ना, बास.” लग्नाची तारीख ठरली. काकू पुढे होऊन पुण्याला खरेदीला गेल्या. काका मागून ते कापड घेऊन जाणार होते. सुमेधशी मात्र ते एक शब्द बोलले नव्हते. फोन आला की ‘हो, हो, हे घे’ म्हणून काकूंकडे द्यायचे.

आता एक गोष्ट मला माहीत होती आणि काकांना नव्हती. काकू मालवणच्या. बांगडे आणले की डोकी मागच्या दाराशी ठेवायच्या, आणि ती खायला एक काळी-पांढरी मांजरी यायची. काकूंनी तिचं नाव ठमी ठेवलं होतं. काकू पुण्याला गेल्या आणि बांगडे बंद झाले. पण ठमीला घर माहीत होतं.

शुक्रवारची, म्हणजे तिकडच्या सुट्टीची दुपार होती. नवरा परीक्षेच्या कामासाठी सखीरला गेला होता. मला आठवा महिना. जरा पडले होते तोच खालून आवाज यायला लागला, “यल्ला! यल्ला! मफी! खलास! बाहेर! यल्ला!”

मी कठडा धरून खाली उतरले. मागच्या खोलीच्या दारात काका स्टुलावर उभे, हातात न्हाणीघराचा वायपर. जमिनीवर, वारा लागावा म्हणून पसरून ठेवलेलं ते लग्नाचं कापड. त्यावर, पक्ष्यांच्या मधोमध, ठमी. खिडकी उघडी होती.

“अरबीत का ओरडताय?” मी विचारलं.

“बहरैनचं मांजर आहे, मराठी कसं कळणार!” काका ओरडले. “ती... ती तिथे... अगं, त्याच्यावर!”

दोन पिल्लं झालेली होती. तिसरं नुकतंच बाहेर पडलं होतं, पातळ पडद्यात गुंडाळलेलं, आणि हलत नव्हतं. ठमी दमून पहिल्या दोघांना चाटत होती. तिसऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

“काका, ते श्वास घेत नाहीये.”

“मग तू काहीतरी कर.”

“मला डॉक्टरांनी मांजराजवळ जायलासुद्धा बंदी केलीये. या दिवसांत चालत नाही.”

काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, ठमीकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं.

“सुमेधला फोन लावा,” मी म्हणाले.

“माझ्याकडे नंबर नाहीये त्याचा,” काका म्हणाले, आणि हे बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण ते स्टुलावरून खाली उतरले.

नंबर मी काकूंकडून घेतला. काकू साडीच्या दुकानात होत्या. नंबर देता देता त्यांनी ‘अहो, मांजर आसा ता, वाघ न्हय!’ असा संदेश काकांसाठी दिला. सुमेधला व्हिडिओ लावला. तो एका गोठ्यात होता, खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा. काकांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी फोन पिल्लाकडे वळवला.

“तोंडावरचा पडदा फाडा,” सुमेध लगेच म्हणाला. “बोटानंच. मग कोरड्या फडक्यात घेऊन चोळा. कोण करतंय?”

मी फोन काकांकडे फिरवला.

“नमस्कार,” काका म्हणाले.

“नमस्कार काका. चला, लवकर! त्याला यल्ला म्हणतात ना तुमच्याकडे? यल्ला.”

काकांनी खिशातला इस्त्रीचा हातरुमाल काढला. गुडघ्यावर बसले. ठमीनं मान वर करून पाहिलं, आणि काकांनी तिला हात जोडले. खरोखर जोडले. मग ते पिल्लू उचललं, पडदा फाडला आणि चोळायला लागले.

“डोळे उघडा काका. त्याचं नाक दिसलं पाहिजे तुम्हाला.”

“उघडेच आहेत.”

“मला इथून मिटलेले दिसतायत.”

काकांनी डोळे उघडले. घाम मिशांवरून टपकत होता. “हळू करू का?” “नाही, जोरात. मोडत नाही ते.” “याचं नाक केवढंसं आहे हो!” “तेवढंच असतं. डोकं खाली करा जरा. हां. चोळा.” गोठ्यातली म्हैस मागे हंबरत होती आणि इकडे मला स्वतःच्या पोटातली लाथ जाणवत होती. कितीतरी वेळ गेल्यासारखं वाटलं. मग रुमालातून एक बारीक, चिडलेला आवाज आला. त्याहून मोठ्यानं काका ओरडले. पण पिल्लू सोडलं नाही.

“शाबास काका!” सुमेध म्हणाला. “आता आईजवळ ठेवा. आणि त्यांना तिथून हलवू नका हं, थोडे दिवस. घाबरली तर पिल्लं टाकून देईल. त्यांच्या खाली काय आहे? लाल लाल दिसतंय ते?”

काकांनी खाली पाहिलं. नवरीच्या उंटाच्या कुशीला बांधायचं ते कापड, इतकी वर्षं ट्रंकेत जपलेलं, आणि त्यावर जे काय व्हायचं होतं ते सगळं झालेलं.

“काही नाही,” काका म्हणाले. “जुनं फडकं आहे.”

चौथं पिल्लू संध्याकाळी झालं. तोपर्यंत काका दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि सुमेधला दर थोड्या वेळानं फोटो पाठवत होते. रात्रीपर्यंत त्यांच्या बोलण्यात ‘तो मुलगा’ जाऊन ‘आमचे डॉक्टर’ आले होते. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारातून ते स्वतः बांगडे घेऊन आले. शिजवावेत की कच्चे द्यावेत यावर डॉक्टरांशी बरीच चर्चा झाली.

लग्नाला काका ते कापड न घेताच गेले. मुलीला काय सांगितलं मला माहीत नाही. आम्ही ठमीचं खाणंपिणं सांभाळलं, म्हणजे नवऱ्यानं, हातमोजे घालून. काका-काकू परत आले, पिल्लं हिंडू-फिरू लागली, तेव्हा ते कापड गुंडाळून आम्ही हाजींकडे गेलो. हाजींनी ते उजेडात धरलं, सगळी हकीकत ऐकली आणि इतके हसले की शेजारचा अत्तरवाला बघायला आला.

“साब, पेट में बच्चा बुना है! बिल्ली पढ़ी-लिखी थी।”

धुऊन बरंचसं निघालं. एका पक्ष्यावरचा डाग मात्र राहिला. हाजी म्हणाले, तेवढ्या गाठी उसवून नव्या मारतो, कळणारही नाही. काका नको म्हणाले. पुढे पुण्यात पावसाळा लागला तेव्हा मैत्रेयी आणि सुमेध बहरैनला आले, काकांनी ते कापड दोघांच्या हातात दिलं. सुमेधनं डागावरून अंगठा फिरवला.

“काका, हे ते जुनं फडकं का?”

“चहा गार होतोय तुमचा,” काका म्हणाले.

म्हणजे काकांची भीती गेली, असं कुणी समजू नये. ठमी आणि तिची चार पोरं एवढ्यांपुरती सवलत होती. बाकी बहरैनभरच्या मांजरांसाठी हॉर्न चालूच होता. पण जनावरांच्या वैद्यकीवर त्यांचा विश्वास मात्र हाताबाहेर गेला. ती दोघं यायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या, तेव्हा नवरा सखीरहून निघाला होता, पण रस्त्यात तिथल्या मोटारींच्या शर्यतींची गर्दी. काकांनीच गाडी काढली. सलमानियाच्या सिग्नलला मी मागच्या सीटवर काकूंचा हात धरून विव्हळत होते आणि पुढे स्पीकरवर पुणे लागलेलं होतं.

“डॉक्टर, कळा जवळजवळ येतायत. काय करायचं?”

“काका, मी जनावरांचा डॉक्टर आहे!”

“तत्त्व एकच असतं हो!”

“काका, हॉस्पिटलला न्या! माणसांच्या!”

“तिकडेच चाललोय. पण तोपर्यंत चोळायचं का काही?”

कळा येत असताना माणूस हसू शकतो, हे मला त्या सिग्नलला कळलं. मुलगी झाली. काकांनी तिच्यासाठी इराणी गालिचा आणला, त्याच्यावर सगळ्या कोंबड्या. “हिला तुडवू दे,” म्हणाले, “पोरांना नियम नाही.” पुढे ती रांगायला लागली तेव्हा त्या एकेका कोंबडीला वरण-भात भरवायची, आणि काका शेजारी बसून कुठली राहिली ते सांगायचे.

मग काका रिटायर झाले. रेसिडेन्सचा परवाना संपला, सामान बोटीनं गेलं. ठमी आमच्याकडे आली. एक पिल्लू हाजींच्या थप्पीवर आधीच रुजू झालं होतं. काका-काकूंना सोडायला आम्ही विमानतळावर गेलो. मी घरून मनाशी बरंच काही ठरवून गेले होते. नवख्या मुलीला त्यांनी कसं सांभाळलं, हे एकदा तोंडानं म्हणायचं होतं.

एक गालिचा काकांनी बोटीवर सोपवला नव्हता. तो गुंडाळी करून काखेत होता. काउंटरवरच्या बहरैनी मुलीनं विचारलं, यात काय आहे? काका क्षणभरही थांबले नाहीत. त्यांनी दोरी सोडली आणि गालिचा तिथंच, विमानतळाच्या फरशीवर, उलगडला. आधी पालथा. मग सुलटा.

“माझ्या आजीकडे असा होता,” मुलगी इंग्रजीत म्हणाली आणि काउंटरबाहेर आली. “आम्ही यावर झोपायचो. हे काय आहे, काठावरची ही वाकडी वाकडी?”

झालं. काका गुडघ्यावर बसले. तीही बसली. मागची रांग पुढे सरकून गोल झाली. दोन केरळी नर्स, एक पठाण, ट्रॉली ढकलणारा एक आमच्याच सातारचा पोरगा. काकू बाजूला पदरानं तोंड झाकून उभ्या होत्या. विमानाची सूचना झाली. “अहो!” काकू म्हणाल्या. दुसऱ्यांदा झाली. “अहो, विमान!” शेवटी त्या मुलीनंच गालिचा गुंडाळला, काकांचा दंड धरला आणि त्यांना पासपोर्टच्या दाराकडे न्यायला लागली. काका तिच्याशी बोलतच होते. काकूंनी मला घाईघाईनं जवळ घेतलं, माझ्या लेकीचा गालगुच्चा घेतला आणि लांब लांब पाय टाकत त्यांच्यामागे धावल्या.

दाराशी काका वळले. आमच्याकडे तोंड होतं, चेहरा फुललेला, आणि दोन्ही हात उंच वर. मग दार मिटलं. ते हात आमच्या निरोपाचे होते की त्या मुलीला मेंढ्याची शिंगं केवढी असतात ते दाखवत होते, यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत झालेलं नाही.